कंबोडियातली भुलाबाई

सकाळचा जप संपेपर्यंत मी बोलत नाही. नेमका तेव्हाच कंबोडियाहून तृप्तीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या सौंसरच्या कॉलेजचं सेवापथक तिथली शाळा रंगवायला गेलंय. आज निरोपाचा कार्यक्रम होता. बाकीच्यांनी सिनेमाचा नाच बसवला. माझ्या लेकीनं हट्टानं आपल्याकडे पोरी फेर धरून म्हणतात ते भुलाबाईचं गाणं निवडलं. “आई, माझी पाळी आली, अन् पहिली ओळच आठवून नाही राहिली.” “तरी म्हटलं होतं,” हे पुटपुटले, “परदेशात कोण विचारते आपल्या भुलाबाईले? आता बोल न वं, देव काही रागवत नाही.” मी जपमाळ गळ्यात घातली, फळीवरच्या टिपऱ्या घेतल्या अन् ठेका धरला. तिसऱ्या ठोक्याला ओळ आठवली, तृप्ती गाऊ लागली. तिथल्या मुलांनी तिच्याभोवती फेर धरला. शेजारच्या वच्छलाबाईंनी दारातून विचारलं, “लेक कवा येते?” हे म्हणाले, “येईल सावकाश. भुलाबाई शिकवून राहिली तिथं.”