विमानाची पऱ्हाटी

त्या वर्षीही इनायतुल्लाचाचांच्या कपाशीची पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली, पण बोंड काही धरलं नाही. चाचांनी ती उपटून चुलीसाठी बांधावर रचली. तेवढ्यात एका कंपनीची गाडी वावरात आली. साहेब म्हणाले, “आम्ही पऱ्हाटीपासून विमानाचं इंधन बनवतो. प्रदूषण कमी होतं, जगाचं भलं होतं.”

“अन् कापूस?”

“कापूस नको. बोंडं नसली तर आणखी बरं, सफाई वाचते.”

सगळी पऱ्हाटी ट्रॅक्टरमधून गेली. पैसे रोख मिळाले. चाचांच्या बायकोनं, हलीमाबीनं, रिकाम्या बांधाकडं पाहून विचारलं, “आता चुलीत काय घालू, विमान?”

मृगाच्या तोंडावर चाचा अकोल्याला नितेशच्या कृषी केंद्रात गेले. दरवर्षीचं बियाणं तिथलंच.

“नितेशभाऊ, औंदा मले कापूस नको. नुसती पऱ्हाटी वाढली पाह्यजे, बोंड एकबी नको. असं काही बियाणं हाये का?”

नितेशनं मान वर न करता काउंटरवर थैली ठेवली.



“मंग नेहमीचंच घेऊन जा, चाचा.”