उरलेली बाटली

फेरारात उतरायचं कुठे, यावरून सकाळपासून आमचं वाजत होतं. मला किल्ल्याजवळ हवं होतं, माझ्या बायकोला, इल्डाला, स्वस्तात. शेवटी तिचंच खरं झालं, स्टेशनजवळच्या एका स्वस्त खाणावळीत उतरलो.

दुपारी तिथे जेवायला बसलो, तर मालकिणीने वाइनची अर्धी बाटली आणून ठेवली. मुक्कामी गिऱ्हाइकाची उरलेली बाटली नाव लिहून ठेवायची आणि पुढच्या जेवणाला तीच द्यायची, ही आमच्या इटलीतली रीतच आहे. चिठ्ठीवर आमचंच आडनाव होतं, झाम्बोनी.

"आम्ही आत्ताच गाडीतून उतरलोय, बाई," मी म्हणालो.

"थट्टा करताय होय? काल याच टेबलावर होतात दोघं. वहिनींना सूप आवडलं नव्हतं."

इल्डाने पिशवी उचलली. "चल. तुझा किल्लाच बरा."

किल्ल्याजवळच्या खाणावळीत आम्ही नावही सांगितलं नव्हतं. तरी म्हाताऱ्या वाढप्याने बाटली आणली. तीच चिठ्ठी, तेच आडनाव. तळाशी जेमतेम बोटभर वाइन उरली होती.

"घरी जाऊ या," इल्डा पुटपुटली. टेबलाखाली तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

वाढप्याने माझ्यापुढे ताट मांडलं, रुमाल ठेवला आणि तो वळला.

"अहो, आम्ही दोघं आहोत," मी जरा चिडूनच म्हणालो.

त्याने इल्डाच्या खुर्चीकडे, ती रिकामी असल्यासारखं, पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, काल रात्रीच तर म्हणालात, यापुढे एकच ताट मांडत जा."