साठावरचा काटा

मंगळावरच्या वसाहतीत रेवतीच्या घरी सबंध घराला ओलावा पुरवणारं यंत्र बसवून महिना झाला होता. आज ते काढून न्यायला तिने मेकॅनिकला बोलावलं होतं.

"पापड सादळतात, कपाटामागे बुरशी आलीय," तिने तक्रार सांगितली.

मेकॅनिक साळुंख्यांनी झाकण उघडलं. आतल्या जाळीवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. "ताई, ही दर आठवड्याला व्हिनेगरमध्ये भिजवून घासायची असते. आणि ओलाव्याचा काटा साठावर कुणी नेला? चाळीस पुरे."

रेवतीने नवऱ्याकडे पाहिलं. श्रीरंग भिंतीकडे बघत होता.

वसाहतीतली हवा इतकी कोरडी होती, की माणसाला माणसाचा हात लागला की शॉक बसे. नवरा-बायकोसुद्धा चहाचा कप टेबलावर ठेवून मागे सरत. यंत्र येईपर्यंत नऊ वर्षांच्या संसारात या दोघांचा स्पर्श झाला तो बहुतेक चुकून, आणि त्यानंतर माफी मागून.

"मीच नेला," श्रीरंग म्हणाला. "चाळीसला पुन्हा शॉक बसायला लागला तर, म्हणून."

"कुणाला?"

"टीव्ही बघताना तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवतेस. महिनाभर, रोज."

रेवतीच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तिचे कान तापले.

साळुंख्यांनी पाना हातात घेतला. "मग काढू का?"

"चाळिसावर ठेवा," ती म्हणाली. "शॉक बसला तर बघू. जाळी हा घासेल."

नऊ वर्षांत स्वतःचा कपही न विसळलेल्या श्रीरंगने लगेच विचारलं, "व्हिनेगर कुठल्या डब्यात असतं?"