सहावं रीळ

"नायक मरतो आणि पुढच्याच दृश्यात शांतपणे दाढी करतो. मृत्यूला इतकं किरकोळ ठरवायला दिग्दर्शकाकडे छाती लागते," उपळेकर सर व्याख्यानात म्हणाले.

सरांनी कॉलेजात असताना मिरजेला पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला पाहिलेला हा सिनेमा. त्यावरची त्यांची सात व्याख्यानं आमच्या फिल्म सोसायटीने आजवर सोसली होती. हे आठवं.

आज त्या थिएटरचे म्हातारे ऑपरेटर मुसाभाई श्रोत्यांत होते. ते संकोचत उठले.

"माफ करा, सर. त्या पहिल्या खेळाला माझ्याकडून सातवं रीळ सहाव्याच्या आधी लागलं होतं. दाढी सहाव्यात होती, मरण सातव्यात."

सगळे हसले. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"तुम्ही बरोबरच लावलं होतं, मुसाभाई," ते म्हणाले. "चुकला तो दिग्दर्शक."