बोटोबाचा हात

“देव आज बाहेर नाही,” दारावरच्या नरसिंगनं सांगितलं आणि भगवानराव केळीची फणी छातीशी धरून तसेच उभे राहिले. अर्धापूरकडून एसटीत उभ्यानं नांदेड गाठावं आणि संग्रहालयात देवानंच रजा टाकलेली असावी, ही गंमत त्यांना काही रुचली नाही.

नरसिंग त्यांना ओळखून होता. दरवर्षी केळीच्या पहिल्या कापणीला हा म्हातारा यायचा, मागच्या दालनातल्या दगडी मूर्तीपुढं फणी ठेवून हात जोडायचा. संध्याकाळी ती फणी नरसिंगच्या घरी जायची, त्यामुळे त्या देवावर त्याचीही श्रद्धा होती. मूर्ती साफ करायला आत नेलीय, मॅडमना विचारून बघा, असं त्यानं सुचवलं.

मॅडम म्हणजे नव्यानं बदलून आलेली उज्वला. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण काम चालू असताना आत कुणाला सोडत नाही म्हणाली. मग न राहवून विचारलं, बुद्धाच्या मूर्तीला केळी कशासाठी?

“बुद्ध असंल बाई. आमचा तो बोटोबा हाय. त्यानं बोट दाखवलं म्हणून आम्ही जगलो.”

आणि भगवानरावांनी सगळी हकिकत सांगितली. त्या काळी त्यांच्या रानात पाण्याचा थेंब नव्हता. पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरला, त्यानं दाखवलं तिथं खोदलं, खडक लागला. दुसऱ्यानं दुसरीकडे दाखवलं, तिथंही खडकच. मग ज्याला त्याला कंठ फुटला. सोयरे सांगत, शेजारी सांगत, घरातल्या बायकाही काहीबाही सांगत. पण विहिरीचा कारभार बायकांच्या बोलण्यावर चालत नसतो, असा भगवानरावांच्या वडिलांचा खाक्या होता आणि भगवानराव वडिलांचेच चिरंजीव. शेवटी रान विकून पुण्याकडं वॉचमनकीला जायचं, इथवर गोष्ट आली.

रानाच्या बांधावर एक देव होता. शेंदराचे थर इतके चढलेले की नाक कुठं आणि हात कुठं, कळायची सोय नव्हती. दर अमावास्येला घरच्या सुनेनं त्याला शेंदूर लावायचा, ही रीत. एका अमावास्येला अयोध्याबाई, म्हणजे भगवानरावांच्या कारभारीण, शेंदूर लावायला गेल्या त्या धावतच परत आल्या. देवानं कवच सोडलं होतं. देवाच्या मनात काही असलं तरच तो असा शेंदराची खोळ टाकतो. सगळं गाव बांधावर लोटलं. देव मांडी घालून बसलेला, ताज्या शेंदरात लालभडक, आणि उजव्या हाताचं बोट खाली जमिनीकडं, पार उंबराच्या अंगाला वळलेलं.

वडिलांनी पटका काढून देवापुढं ठेवला. उंबरापाशी कुदळ पडली आणि पाणी असं उसळलं की खोदणाऱ्यांची वर येताना धांदल उडाली. पुढं जाणकार लोक आले, हा जुना बुद्ध आहे म्हणाले, आणि गावानं मूर्ती संग्रहालयाला दिली. पण भगवानरावांनी देव सोडला नाही.

“पोरं शिकली, पोरगी चांगल्या घरी नांदती झाली. सगळं त्या हाताचं देणं हाय. माझ्या जिवात जीव हाय तवर त्या हातापुढं फणी ठेवायची, एवढंच मागतो.” बोलताना त्यांचे डोळे भरून आले.

घरच्यांना का आणत नाही, असं उज्वलानं विचारलं तेव्हा मात्र ते हसले. दरसाल चल म्हणावं, तर तिला हमखास काम निघतं. अयोध्याबाई निलंग्याकडच्या एका विहीर खोदणाऱ्याची लेक, अंगात कष्टाची खोड. घरोघरी गॅस आला तरी भाकरीला चूल लागतेच, आणि गावात मातीची चूल घालावी ती त्यांनीच. त्यांची चूल तडकत नाही. आजही शेजारणीची चूल घालायची होती.

उज्वला थोडी घुटमळली, मग त्यांना आत घेऊन गेली.

शेंदूर उतरला होता. खालचा काळाभोर दगड, मिटलेले डोळे, शांत चेहरा. भगवानरावांना भडभडून आलं. त्यांनी फणी पुढं केली आणि थबकले. उजवा हात कोपरापासून नव्हताच.

हात शेजारी ताटलीत होता.

“मूळ हात फार पूर्वी तुटलाय, काका,” उज्वला हळू आवाजात म्हणाली. “तो वर होता की मांडीवर, आता सांगता येत नाही. हा नंतर कुणीतरी बसवलाय. दगडाचा नाही. माती, भुसा, राख आणि वरून शेंदूर.”

 देवासाठी आणलेली फणी परत नेऊ नये म्हणून भगवानरावांनी ती ठेवली, नमस्कार केला आणि ते निघाले. परतीच्या एसटीत जागा मिळाली, पण जिवाला चैन पडेना. हात देवाचा नव्हता तर ज्यानं आपलं घर तारलं, त्याला ओळखायचं कुठं? आणि ज्या बाईनं तो चमत्कार सगळ्यांत आधी पाहिला, तिला हे सांगायचं कसं? ऐकून ती खचेल. सांगायचंच नाही, असं त्यांनी अर्धापूर येईतो पक्कं केलं.

अयोध्याबाई शेजारणीच्या अंगणात चुलीवरून ओला हात फिरवत होत्या. “भेटला का देव?” त्यांनी विचारलं, आणि भगवानरावांचा निश्चय तिथंच ढासळला.

“त्याचा हात मातीचा निघाला, अगं.”

अयोध्याबाईंनी मान वर केली नाही. “पडला?”

“न्हाई. त्यांनी काढला.”

“मग ठीक हाय.” त्यांनी चुलीच्या कडेवरून आणखी एकदा हात फिरवला. “दोन उन्हाळे मी बी उंबराकडंच बोट दाखवून राहिले व्हते. माझं बोट दिसलं का कुणाला?”