खिळा ठोकायचा नाही

"घर बांधायचे वेगळे पैसे?" शलाकाने कपाळावर हात मारला. "अरे, गेम विकत घेतलास ना? मग त्यातल्या घराला परत पैसे कसले? राहायला जाणार आहेस का तिथे?"

"अगं, बघ तर खरं," निनाद टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. त्याचा तलवारवाला शूरवीर राक्षसांना सोडून निवांत घर सजवत होता. तसबीर लावायला त्याने हातोडा उचलला आणि भिंतीत खिळा ठोकला. ठक, ठक, ठक.

शलाकाचं डोकं आणखीच फिरलं. त्यांच्या लग्नाचा फोटो गेली दोन वर्षं फ्रिजवर टेकवून ठेवलेला होता. भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही, ही घरमालकीणकाकूंची पहिली अट होती. आणि हा पठ्ठ्या पैसे भरून तिकडे खिळे ठोकत बसला होता!

ती आणखी बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरून काकू तरातरा उतरून आल्या होत्या.

"खिळे ठोकताय ना? आवाज आला मला!" त्या थेट आत घुसल्या, सगळ्या भिंती चाचपल्या, फोटोमागेही डोकावल्या. मग त्यांचं लक्ष टीव्हीतल्या हातोड्याकडे गेलं.

"टीव्हीतसुद्धा जरा हळूच ठोका," असं बजावून त्या निघून गेल्या.

शलाकाने दार लावलं, निनादशेजारी बसकण मारली आणि त्याच्या हातातला कंट्रोलर हिसकावला.

"हातोड्याचं बटण कुठलं? आणि आवाज वाढव."