गाण्यांचं फोल्डर

"सर, रीस्टार्टनं नाही उघडणार ते!" नऊवारी सावरत मी तिसऱ्यांदा ओरडले.

स्नेहसंमेलनाचा पडदा उघडायची वेळ झाली होती आणि आमच्या मंगळागौरीच्या नाचाचं गाणं स्टेजमागच्या लिनक्स संगणकात अडकलं होतं. कुणी गाणी डिलीट करू नयेत म्हणून शिंत्रे सरांनी सकाळी भराभर परवानग्या काढल्या होत्या. त्यात फोल्डरमध्ये शिरायचीच परवानगी गेली! नाव समोर दिसतंय, पण आत जाता येत नाही. नुसता संताप!

"तू नाचाचं बघ. ॲडमिन मी आहे," म्हणत सरांनी पुन्हा रीस्टार्ट करून लॉगिन केलं.

"दोन मिनिटांत गाणं लागलं नाही, तर नाच रद्द!" मुख्याध्यापिका बाई पडद्याआडून कडाडल्या. सर त्यांची समजूत घालायला धावले.

सरांचं लॉगिन उघडंच होतं. मी उभ्याउभ्याच कमांड टाइप केली आणि शिरायची परवानगी फोल्डरला परत दिली. उघडलं! ढोलकी घुमली, मुली किंचाळल्या.

सर धापा टाकत आले. "बघ, झालं की नाही रीस्टार्टनं?"

एरवी मी मुकाट मान डोलावली असती.

"नाही सर, मी केलं," म्हणाले आणि स्टेजवर पळाले.